सातारच्या कचेरीबाहेरची दस्तलेखनाची दुकानं: टायपिंग चोख, पण कागद टिकेल का ते बघून घ्या

सातारात कोर्ट, कलेक्टर कचेरी आणि दुय्यम निबंधकाचं कार्यालय यांच्या आजूबाजूला दस्तलेखनाची जी दुकानं आहेत, त्यांच्या सेवेचा हा आढावा. कुठल्या एका दुकानाचा नाही. बहुतेकांचं रूप सारखंच असतं: एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, अंगठ्यासाठी शाईचं पॅड, टेबलाच्या काचेखाली सरकवलेली रेडीरेकनरची पानं, शेजारी परवानाधारक मुद्रांक विक्रेता आणि चार पावलांवर नोटरी. साठेखत, खरेदीखत, हक्कसोडपत्र, बक्षीसपत्र, मृत्युपत्र, कुलमुखत्यारपत्र, उसनवार पावती, भाडेकरार, काडीमोड, सगळ्यांचे नमुने मशीनमध्ये तयार. नावं, गट नंबर, क्षेत्र, रक्कम सांगायची, तासाभरात कागद हातात.

निकाल आधीच सांगतो. नोंदणीपूर्वीची धावपळ या दुकानांकडून करून घ्यावी, ती ते उत्तम करतात. पण कागदात काय लिहायचं, हे ठरवायचं काम त्यांच्या नमुन्यावर सोडू नये. कारण कागद बाद होण्याचे प्रकार वेगवेगळे आहेत आणि दुकानात सगळ्यांना एकच शब्द आहे: रद्दबातल.

आधी चांगलं. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर दस्ताची माहिती भरणं, ग्रास या सरकारी ऑनलाइन भरणा प्रणालीवर मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फीचं चलन काढणं, वेळ आरक्षित करणं, पानं क्रमानं लावणं, फोटो आणि अंगठ्याच्या जागा सोडणं, यात त्यांचा हात बसलेला असतो. आधारवरचं नाव, सातबाऱ्यावरचं नाव आणि पॅनवरचं नाव यांत फरक असेल तर चांगला दस्तलेखक ‘ऊर्फ’ घालून तिन्ही नावं जोडून घेतो. चतुःसीमा पूर्व, पश्चिम, दक्षिण, उत्तर अशा क्रमानं लिहितो आणि शेजारच्या गटाचे नंबर टाकतो. हे बारीक वाटतं, पण कशाची विक्री आहे हेच कागदावरून कळत नसेल, तर करार कायद्याच्या कलम २९ नुसार असा अनिश्चित करार शून्य, म्हणजे मुळातच नसल्यासारखा, ठरतो. ‘माझ्या जमिनीपैकी रस्त्याकडेचा चांगला तुकडा’ असं लिहिलेल्या कागदाला काही अर्थ नसतो. तेवढी काळजी इथं घेतली जाते.

खर्चाचाही हिशेब कळतो. विक्रीच्या दस्ताला नोंदणी फी १ टक्का, कमाल ३०,००० रुपये. दस्त हाताळणी शुल्क पानागणिक. मुद्रांक शुल्क मिळकत कुठं आहे त्यावर. हे सरकारी आकडे आणि दुकानाची लिहिणावळ वेगवेगळी लिहून मागा. एकत्र ‘सगळं मिळून इतके’ असं सांगणाऱ्या दुकानात थांबू नये.

आता मूळ मुद्दा. साठेखताचा, म्हणजे पुढं खरेदीखत करून देण्याच्या कराराचा, तयार नमुना घ्या. त्यात शेवटून तिसऱ्या-चौथ्या परिच्छेदात हे वाक्य हटकून सापडतं: ‘मुदतीत खरेदीखत करून न घेतल्यास सदरचे साठेखत आपोआप रद्दबातल समजणेत येईल व इसाराची रक्कम जप्त होईल.’ विकणाऱ्याला वाटतं, मुदत संपली, आपण मोकळे. तसं होत नाही. जमिनीच्या व्यवहारात मुदत हा सहसा कराराचा गाभा मानला जात नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं १९९३ साली हे स्पष्ट केलं आहे. मुदत काटेकोर पाळायचीच असेल तर ती का महत्त्वाची आहे, हे करारातून आणि परिस्थितीतून दिसलं पाहिजे. ‘आपोआप रद्द’ या शब्दांनी करार शून्य होत नाही. फार तर, ज्यानं आपली बाजू पाळली त्याला करार संपवण्याचा हक्क मिळतो. स्वतः मोजणी अडवून ठेवणारा, बहिणींची संमती न आणणारा विक्रेता त्याच वाक्याचा फायदा घेऊ शकत नाही. आणि घेणाऱ्यानंही झोपून राहू नये. करार पूर्ण करून मागण्याच्या दाव्याला ठरलेल्या तारखेपासून ३ वर्षं मिळतात. तारीख ठरलेली नसेल तर नकार कळल्यापासून ३ वर्षं.

शिवाय साठेखत नोंदवलेलं असेल तर ते सूची क्रमांक २ मध्ये, म्हणजे निबंधक कार्यालयाच्या दस्तांच्या सूचीत, दिसत राहतं. उद्या तीच जमीन दुसऱ्याला द्यायची म्हटली की शोध अहवालात ते वर येतं. ते संपवायला दोघांनी मिळून नोंदणीकृत रद्दलेख करावा लागतो. हे दुकानात कोणी सांगत नाही, कारण रद्दलेखाचं काम दोन वर्षांनी येतं.

त्याच नमुन्यात याहून महागडं एक वाक्य असतं: ‘मिळकतीचा प्रत्यक्ष ताबा आजरोजी लिहून घेणार यांना दिला आहे.’ नमुन्यात आहे म्हणून राहतं. खरं तर जमीन अजून विक्रेताच कसत असतो. पण महाराष्ट्रात ताबा दिल्याचं लिहिलं की मुद्रांकाच्या बाबतीत साठेखत खरेदीखतासारखंच धरलं जातं, म्हणजे पूर्ण मुद्रांक शुल्क. ते ५०० रुपयांच्या स्टॅम्पवर केलेलं असेल तर कोर्टात दाखल करायच्या दिवशी कागद अडकवून ठेवला जातो. कमी पडलेलं शुल्क आणि दरमहा २ टक्के दंड, कमाल चौपट, भरल्याशिवाय तो वाचलाही जात नाही. वर, २४ सप्टेंबर २००१ नंतर असा ताब्याचा करार नोंदवलेला नसेल तर ताबा राखायला मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५३-अ चं संरक्षणही मिळत नाही. एका वाक्यानं दोन्हीकडून नुकसान. ताबा दिला नसेल तर ते वाक्य खोडायला लावा, आणि ‘ताबा खरेदीखताचे वेळी देणेचा आहे’ असं लिहून घ्या.

इथं शब्दांचा फरक नीट लावून घेतला पाहिजे. कायद्याच्या मराठीत ‘शून्य’ म्हणजे मुळातच अस्तित्वात न आलेला. कुणी कोर्टात गेला नाही म्हणून तो नंतर पक्का होत नाही. ‘शून्यकरणीय’ म्हणजे आज वैध, पण ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या मर्जीनं रद्द होऊ शकणारा. त्यानं वेळेत पाऊल उचललं नाही तर तो पक्का होतो. आणि तिसरी जात म्हणजे जो वैध आहे पण कोर्ट पुरावा म्हणून हातात घेत नाही, कारण मुद्रांक कमी किंवा नोंदणी नाही. बोलीत आपण तिघांनाही ‘कच्चा कागद’ म्हणतो. पहिल्यात वकील काहीही करो, जमीन मिळत नाही. दुसऱ्यात घड्याळ चालू असतं. तिसऱ्यात बऱ्याचदा पैसे भरून सुटका होते. मुद्रांकाबद्दल तर सर्वोच्च न्यायालयाच्या ७ न्यायमूर्तींच्या पीठानं १३ डिसेंबर २०२३ रोजी निःसंदिग्धपणे सांगितलं: मुद्रांक न लावलेला करार शून्य नसतो, तो पुराव्यात घेता येत नाही, आणि हा दोष दुरुस्त होणारा आहे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ५ न्यायमूर्तींच्या पीठातल्या बहुमतानं उलट म्हटलं होतं, ते मागं पडलं.

एकच कृत्य एका कामासाठी ग्राह्य आणि दुसऱ्यासाठी अग्राह्य असू शकतं, हे सातारकरांना वेगळं समजावून सांगायला नको. १८४८ साली शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराजांनी मरणाच्या काही तास आधी दत्तक घेतला. गव्हर्नर जनरल डलहौसीनं तो खासगी मालमत्तेच्या वारशापुरता मानला, राज्याच्या वारशासाठी नाकारला, आणि सातारचं राज्य खालसा केलं. तो राजकीय अन्याय होता, पण कागदाचं तर्कशास्त्र आजही तसंच चालतं. न नोंदवलेलं साठेखत मालकी देत नाही. पण करार पूर्ण करून मागण्याच्या दाव्यात करार झाल्याचा पुरावा म्हणून नोंदणी कायद्याच्या कलम ४९ नं ते चालतं. म्हणून जुना कागद ‘नोंदवला नाही, आता काय उपयोग’ म्हणून फाडू नका.

स्टॅम्पपेपरबद्दल दोन गोष्टी, ज्यात दुकानं कधी कधी ढिलाई करतात. महाराष्ट्रात घेतलेला मुद्रांक ६ महिन्यांत वापरला नाही तर तो बाद होतो. इतर अनेक राज्यांत तसं नाही, त्यामुळे इंटरनेटवरचा बाहेरचा सल्ला इथं चालत नाही. आणि मुद्रांक दस्तातल्या पक्षकारांपैकी कुणाच्या तरी नावानं घेतलेला असावा; दस्तलेखकाच्या पोऱ्याच्या किंवा नात्यातल्या तिसऱ्याच माणसाच्या नावानं घेतलेला चालत नाही. पाठीमागचा शिक्का, तारीख आणि नाव वाचल्याशिवाय त्यावर एक ओळही छापू देऊ नका. १०० रुपयांचा जमाना ऑक्टोबर २०२४ मध्ये संपला, बहुतेक किरकोळ करारांना आता किमान ५०० रुपये लागतात. मागची तारीख टाकून जुन्या पेपरवर लिहून देतो म्हणणारं दुकान असेल, तर तिथून उठा.

नोटरीची खरेदी. जावळी, पाटणपासून उपनगरातल्या गुंठ्यांपर्यंत आणि तिकडं सांगली, कुपवाडच्या गुंठेवारीपर्यंत या कागदानं किती घरं अडकली आहेत, ते फेरफाराच्या तारखांना जाऊन बसलं की कळतं. १०० रुपये वा त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मिळकतीची विक्री नोंदणीकृत दस्तानंच होते, मालमत्ता हस्तांतरण कायदा कलम ५४. नोटरी फक्त सही करणारा माणूस समोर होता एवढं सांगतो. लाल शिक्का, हिरवी तिकिटं, रजिस्टरचा क्रमांक, यातलं काहीही मालकी देत नाही. ‘आधी नोटरी करू, नोंदणी सावकाश’ हे चुकीचं आहे, कारण सही झाल्यापासून ४ महिन्यांत दस्त नोंदणीला हजर करावा लागतो. त्यानंतर आणखी ४ महिने दंडासह, तोही नोंदणी फीच्या १० पटीपर्यंत. पुढं दार बंद. तीच गोष्ट साठेखत, मुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र अशा जोडकागदांनी जमीन ‘विकण्याची’. २०११ साली सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की अशा कागदांनी मालकी जात नाही. वर मुखत्यारपत्र लिहून देणारा वारला की सर्वसाधारण मुखत्यारपत्रही संपतं. गावची जमीन मुंबईला माथाडीत असलेल्या भावाच्या मुखत्यारपत्रावर विकली जाते तेव्हा भाऊ त्या दिवशी हयात आहे, याचा पुरावा दस्तासोबत मागा.

याच्या उलटही खरं आहे आणि ते दुकानात कुणी बोलत नाही: नोंदणी झाली म्हणजे व्यवहार वैध झाला असं नाही. दुय्यम निबंधक मालकी हक्काचा निवाडा करत नाही. म्हणून दस्त लिहायच्या आधी सातबाऱ्याचा ‘इतर अधिकार’ हा रकाना मोठ्यानं वाचून घ्या. ‘कुळकायदा कलम ४३ चे बंधनास पात्र’, ‘नवीन शर्त’, ‘भोगवटादार वर्ग २’, ‘पुनर्वसनासाठी राखीव’ अशा शेऱ्यांपुढं दस्तलेखकाचा कुठलाही नमुना चालत नाही. आधी परवानगी, मग दस्त. कोयना, धोम, कण्हेर, उरमोडी यांच्या लाभक्षेत्रात आणि धरणग्रस्तांना मिळालेल्या जमिनींवर हे शेरे जागोजाग आहेत. कलम ४३ च्या जमिनीला एक सोय २०१४ पासून आहे: ३२-म चं, म्हणजे कुळानं जमीन विकत घेतल्याचं, प्रमाणपत्र मिळून १० वर्षं झाली असतील तर आकाराच्या, म्हणजे जमिनीच्या सरकारी साऱ्याच्या, ४० पट नजराणा भरून विक्री करता येते. आकार काही रुपयांत असतो, त्यामुळे ही रक्कम बहुधा किरकोळ निघते; ती न भरता केलेली विक्री मात्र अवैध होते. एवढ्याशा पैशासाठी जमीन अडकवणारे लोक दरवर्षी दिसतात, आणि प्रत्येक वेळी नमुन्यात ‘मिळकत निर्वेध व निजोखमी आहे’ असं छापलेलं असतंच.

पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक महाबळेश्वर, वाई, कोरेगावच्या बाजूला शेतजमीन बघतं, तेव्हा पहिला प्रश्न चतुःसीमेचा नसतो. तो असतो: घेणारा शेतकरी आहे का? शेतकरी नसलेल्याला कलेक्टरांच्या परवानगीशिवाय शेतजमीन विकली तर कुळकायद्याच्या कलम ६३ नं ती अवैध. कलम ८४-क खाली तहसीलदार चौकशी लावू शकतात. दोघांनी ३ महिन्यांत व्यवहार पूर्ववत करून देतो असं लिहून दिलं तर वाचतं, नाहीतर जमीन सरकारजमा व्हायची वेळ येते. शेतकरी असल्याचा दाखला म्हणजे त्याच्या स्वतःच्या नावाचा सातबारा. तो मूळ संकेतस्थळावरून डिजिटल सहीचा उतारा काढून जुळवा.

तुकड्यांबद्दल: बागायत १० गुंठे, जिरायत २० गुंठे हे प्रमाणभूत क्षेत्र २०२३ च्या अधिसूचनेनं सातारा जिल्ह्यालाही लागू झालं. त्याखालचा तुकडा पाडून केलेलं हस्तांतरण तुकडेबंदी कायद्याच्या कलम ९ नं शून्य. नियमित करण्याची फी आधी बाजारमूल्याच्या २५ टक्के होती, ती ५ टक्क्यांवर आली, आणि शहरी भागासाठी पुढंही सवलती झाल्या. नियम वारंवार बदलतोय, म्हणून दस्ताच्या दिवशी लागू असलेला नियम तहसील कार्यालयातून लेखी घ्या, दुकानाच्या तोंडी माहितीवर जाऊ नका. ‘अविभक्त हिस्सा’ लिहून ११ जणांना एकाच गटात दीड-दीड गुंठा देण्याची युक्ती तर पुढच्या पिढीच्या गळ्यात वाद बांधणारी आहे. मोजणी होत नाही, वाटप होत नाही, कर्ज मिळत नाही.

लहान मुलाच्या नावावरची जमीन हा दुकानांचा सगळ्यात कमजोर भाग. सातबाऱ्यावर ‘अ.पा.क. आई’ असं दिसतं, म्हणजे अज्ञान पालनकर्ती आई, आणि आईची सही घेऊन खरेदीखत उरकलं जातं. अज्ञान व्यक्तीनं स्वतः केलेला करार मुळात शून्य. प्रिव्ही कौन्सिलनं १९०३ पासून हे ठरवलेलं आहे. पण पालकानं कोर्टाच्या परवानगीशिवाय त्याची स्थावर मिळकत विकली तर तो व्यवहार शून्य नाही, शून्यकरणीय आहे, हिंदू अज्ञान आणि पालकत्व कायदा १९५६, कलम ८. म्हणजे मुलगा सज्ञान झाल्यापासून ३ वर्षं, साधारण २१ व्या वर्षापर्यंत, तो व्यवहार मोडू शकतो. घेणारा मात्र तेच कारण सांगून अंग काढू शकत नाही. घेणाऱ्याच्या डोक्यावर तेवढी वर्षं टांगती तलवार. परवानगीचा अर्ज जिल्हा न्यायालयात करायचा, विक्री मुलाच्या गरजेसाठी किंवा उघड फायद्यासाठी आहे हे दाखवायचं. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर असा शेरा असेल तर प्रकार वेगळा: अविभक्त कुटुंबातल्या हिश्शाला हे कलम लागत नाही, तिथं कर्त्यानं कायदेशीर गरजेसाठी विकलं का, हे बघितलं जातं. एकाच्या नमुन्यात दुसऱ्याची वाक्यं सरसकट चिकटवलेली आढळतात.

आता दस्ताच्या तळातली ओळ. ‘सदरचा दस्त आम्ही राजीखुशीने, अक्कलहुशारीने, नशापाणी न करता, कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून दिला असे.’ ही ओळ सुंदर आहे, जुनी आहे, आणि तिच्यावर लोक फार विसंबतात. ८० वर्षांच्या आजीनं सांभाळणाऱ्या पुतण्याला बक्षीसपत्र दिलं असेल, तर ही छापील ओळ तिची मर्जी सिद्ध करत नाही. जिथं एकाचं दुसऱ्यावर वर्चस्व आहे आणि व्यवहार उघडच एकतर्फी दिसतो, तिथं दडपण नव्हतं हे पुतण्यानं सिद्ध करायचं, करार कायदा कलम १६. फसवणुकीतही दोन दर्जे आहेत. तिला सांगितलं की हा वारसनोंदीचा अर्ज आहे आणि प्रत्यक्षात ते बक्षीसपत्र निघालं, म्हणजे कागदाचं स्वरूपच लपवलं, तर दस्त शून्य. तिला बक्षीसपत्र आहे हे माहीत होतं, पण १० गुंठे सांगून ४० लिहिले, तर शून्यकरणीय, आणि तो रद्द करून मागायला खरी गोष्ट कळल्यापासून ३ वर्षंच. सर्वोच्च न्यायालयानं १९६८ साली आखलेली ही रेषा आहे. म्हणून चांगल्या दस्तलेखकाची खूण अशी: अंगठा उठवणाऱ्या माणसाला दस्त त्याच्या भाषेत पूर्ण वाचून दाखवतो, लाभार्थ्याला त्या वेळी बाहेर बसवतो, आणि ‘दस्त वाचून दाखविला, समजावून सांगितला’ या ओळीखाली स्वतःची सही करतो. हे न करणाऱ्या दुकानात म्हाताऱ्या माणसाला नेऊ नका. खरोखर नेऊ नका.

बक्षीसपत्राच्या नमुन्यात आणखी एक मोठी उणीव असते. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३ म्हणतं: सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मिळकत सांभाळ न झाल्यास प्रांताधिकाऱ्यांचं न्यायाधिकरण शून्य ठरवू शकतं. पण ही अट आधी दाखवता आली पाहिजे, आणि तयार नमुन्यात ‘निव्वळ प्रेमापोटी, कोणताही मोबदला न घेता, बिनशर्त’ असंच असतं. तो ‘बिनशर्त’ शब्द काढा. त्याऐवजी जेवणखाण, औषधपाणी, राहती खोली, महिना ठरावीक रक्कम, हे वाक्यांत लिहा. बक्षीसपत्राला नोंदणी, २ साक्षीदार आणि देणाऱ्याच्या हयातीत स्वीकार, तिन्ही लागतात.

मृत्युपत्राला मुद्रांक नाही, नोंदणीची सक्ती नाही, पण २ साक्षीदारांनी करणाऱ्याला सही करताना पाहिलेलं असावं किंवा त्यानं सही आपलीच असल्याचं त्यांच्यासमोर कबूल केलेलं असावं. दुकानात बसलेल्या अनोळखी माणसांची सही साक्षीदार म्हणून घेतली जाते, १५ वर्षांनी कोर्टात त्यांना शोधायचं कुठं? करणाऱ्याहून वयानं लहान आणि गावातलेच साक्षीदार घ्या.

काडीमोडाच्या कागदाला मी शून्य गुण देईन. ५०० च्या स्टॅम्पवर ‘आजपासून आमचे पती-पत्नीचे नाते राहिलेले नाही’ असं लिहून, दोन पंच आणि नोटरी. हिंदू विवाह कायद्यात घटस्फोट कोर्टातूनच होतो. रूढीनं होणाऱ्या घटस्फोटाला कलम २९ नं जागा ठेवली आहे, पण ती रूढी त्या समाजात जुनी आणि अखंड आहे, हे पुराव्यानं सिद्ध करावं लागतं. स्टॅम्पपेपर तो पुरावा नाही. या कागदावर विसंबून केलेलं दुसरं लग्न कलम ११ नं मुळात शून्य, आणि दुसरं लग्न करणाऱ्यावर द्विभार्येचा गुन्हा. यात होरपळते ती बहुधा दुसरी बाई, जिला कागद दाखवून ‘सगळं कायदेशीर आहे’ असं सांगितलेलं असतं. तिची मुलं कायद्यानं औरसच मानली जातात, कलम १६, आणि पोटगीचा विचार कोर्ट करू शकतं. पण पत्नी म्हणून वारसा मिळत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राच्या विधी विभागानं नोटरींना लग्न आणि घटस्फोटाचे दस्त करू नका असं बजावलंय. दोघांची संमती असेल तर सरळ परस्पर संमतीचा अर्ज करा: १ वर्ष वेगळं राहिलेलं असावं, ६ महिन्यांची थांबण्याची मुदत योग्य प्रकरणात कोर्ट माफ करतं.

भाडेकराराचं काम मात्र इथं डोळे मिटून द्या. लिव्ह अँड लायसन्सचा ऑनलाइन नोंदणीचा ठसा घेणारं यंत्र बऱ्याच ठिकाणी असतं. ६० महिन्यांपर्यंतच्या कराराला एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के मुद्रांक. न नोंदवलेला भाडेकरार शून्य होत नाही, पण अटींबाबत वाद झाला तर भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची: ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

नोकरी आणि धंद्याच्या करारात एक छापील कलम सगळीकडं असतं, ‘काम सोडल्यावर अमुक वर्षे तोच व्यवसाय करणार नाही.’ मिरजेत सतार बनवायला शिकलेल्या कारागिराकडून असं लिहून घेतलं तर ते करार कायद्याच्या कलम २७ नं शून्य. सातारातलं कंदी पेढ्यांचं चालतं दुकान नावलौकिकासह विकलं आणि विकणाऱ्यानं ठरावीक हद्दीत तोच धंदा न करण्याचं वाजवी बंधन घेतलं, तर ते चालतं. नमुना दोघांनाही एकच देतात.

पैसे बँकेतूनच द्या. जमिनीच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त इसार रोखीनं घेता येत नाही. घेतला तर करार शून्य होत नाही, पण इसार घेणाऱ्याला तेवढाच दंड लागू शकतो. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. व्यवहार शून्य असल्याचं नंतर उघड झालं तर घेतलेला फायदा परत करायचा, असं करार कायद्याचं कलम ६५ सांगतं. ते पैसे परत मागताना हातात चेकचा नंबर आणि बँकेचा उतारा असेल तर वाट सोपी होते. ‘पंचांसमक्ष रोख मिळाले, भरून पावले’ एवढ्यावर फार झगडावं लागतं. मात्र बेकायदा आहे हे माहीत असून दोघांनी संगनमतानं केलेल्या व्यवहारात कोर्ट हात आखडतं घेतं.

दुकानातून निघताना चार गोष्टी ताब्यात घ्या: मूळ दस्त, सूची क्रमांक २ ची प्रत, चलनाची पावती आणि मसुद्याची फाइल पेनड्राइव्हवर. फेरफाराची नोंद ऑनलाइन पुढं जाते, हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस असतात. त्या १५ दिवसांत तलाठ्याकडं एकदा तरी जाऊन या, कारण वगळलेल्या बहिणीची किंवा न दाखवलेल्या वारसाची हरकत पहिल्यांदा तिथंच येते, आणि ती तिथं कळली तर निदान पुढच्या हप्त्याचा चेक थांबवता येतो.